नेहमीसारखं द्या भाऊ

डेटाबेस सर्व्हर हाताने टाकणं तसं काही अवघड नाही, सेटअप विचारत जातो आणि आपण हो हो करत जातो. मायएसक्यूएल या डेटाबेसचं ते सिक्युअर इन्स्टॉलेशन आठवा, रूटचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या युजरचा, पासवर्ड काय ठेवू, निनावी युजर काढू का, रूटचं बाहेरून लॉगिन बंद करू का, टेस्ट डेटाबेस उडवू का. प्रश्न सगळे शहाण्यासारखे आहेत, पण नागपुरात मे महिन्याच्या दुपारी, बाहेर पंचेचाळीसच्या पुढे पारा आणि आत एसी धापा टाकून राहिलेला, अशात माणूस वाय-एंटर वाय-एंटर करतो आणि काय कबूल केलं ते संध्याकाळपर्यंत विसरतो.

हेच काम आपोआप व्हावं म्हणून स्क्रिप्ट, म्हणजे कमांडची फाइल, लिहायची म्हटलं की हीच उत्तरं आधीच देऊन ठेवावी लागतात. उबंटूवर डेबियन फ्रंटएंड या सेटिंगला नॉनइंटरॅक्टिव्ह, म्हणजे 'काही विचारू नको', सांगायचं राहिलं, की एखादं पॅकेज मध्येच चौकट उघडून उत्तराची वाट बघत बसतं, समोर कोणी नसलं तरी. ओरॅकलमध्ये त्यासाठी उत्तरं लिहिलेली रिस्पॉन्स फाइल असते, ती द्यायची आणि सायलेंट मोडमध्ये सोडून द्यायचं. नव्या टपरीवर पोहे घेताना तर्री किती, चना टाकू का, कांदा चालेल का, सगळं सांगावं लागतं ना, आणि ओळखीच्या ठिकाणी नुसतं 'नेहमीसारखं द्या भाऊ' म्हटलं की प्लेट समोर, तसंच हे. फक्त इथे ते नेहमीसारखं म्हणजे काय हे लिहून द्यावं लागतं, आणि लिहायला घेतलं की कळतं ऑफिसात प्रत्येकाचं नेहमीसारखं वेगळंच आहे!

शेअर्ड बफर्सवरून, म्हणजे डेटा हाताशी ठेवायला डेटाबेसने किती रॅम घ्यायची यावरून, तर आमच्याकडे जेवणाच्या सुट्टीत भांडणं होतात. पोस्टग्रेस या डेटाबेसचा डीफॉल्ट बहुतेक ठिकाणी १२८ एमबी, म्हणजे ६४ जीबीची मशीन घेतली तरी तेवढाच, कोणी बदलला नाही तर. फक्त डेटाबेससाठी ठेवलेल्या मशीनवर रॅमच्या पाव भागापासून सुरू करा असं डॉक्युमेंटेशन सांगतं, पण एक जण म्हणतो पाव, दुसरा म्हणतो त्याच मशीनवर ॲप पण चालतं त्याचं काय, आणि मॅक्स कनेक्शन्स, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती जोडण्या, ती १०० ठेवायची की वाढवायची हे वेगळंच. मला वाटतं स्क्रिप्टने वेळ वाचतो हे खरं असलं तरी दुय्यम आहे, खरा फायदा हा की भांडण एकदाच होतं आणि मग ते फाइलीत राहतं.

स्क्रिप्ट पहिल्यांदा चालली याचं मला फार कौतुक नाही, दुसऱ्यांदा चालवून दाखवा. मायएसक्यूएलमध्ये 'क्रिएट डेटाबेस इफ नॉट एक्झिस्ट्स' म्हणता येतं, पोस्टग्रेसमध्ये ती सोय नाही, आधी कॅटलॉगमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या स्वतःच्या यादीत, बघायचं आणि नसेल तरच बनवायचं, नाहीतर दुसऱ्या फेरीत एरर ठरलेला. त्याहून मजा कॉन्फिगच्या फायलींची. आमच्याकडचा एक पोरगा स्क्रीनला डोळे लावून बसलेला, म्हटलं काय शोधून राहिला बे, तर म्हणे दादा, स्क्रिप्टने पीजी एचबीएच्या, म्हणजे कोणाला आत घ्यायचं ते ठरवणाऱ्या पोस्टग्रेसच्या फायलीच्या, खाली बरोबर ओळ टाकली, रीलोड पण केलं, तरी आत घेत नाही. घेणार कसं? पोस्टग्रेस्क्यूएल डॉट कॉन्फ या सेटिंगच्या मुख्य फायलीत एकच सेटिंग दोनदा आलं तर शेवटचं चालतं, म्हणून खाली चिकटवत गेलं तरी निभतं. पीजी एचबीएमध्ये उलट, वरून वाचत येतो आणि जी ओळ पहिली जुळली तिथेच निकाल, खालच्या ओळीकडे बघत पण नाही. त्याच्या ओळीच्या वर कोणीतरी केव्हातरी टाकलेली रिजेक्टची ओळ होती, अख्ख्या नेटवर्कला लागू होणारी.

तेव्हापासून आम्ही ती फाइल चिकटवत नाही, स्क्रिप्टच दरवेळी पहिल्यापासून पूर्ण लिहिते, प्रत्येक ओळीवर कोणाला कशासाठी आत घेतलं त्याची कॉमेंट. आता क्लायंटकडून फोन येतो, सर एक आयपी हातानेच टाकून द्या ना, दोन मिनिटांचं काम आहे. टाकून देईन हो, पण पुढच्या वेळी स्क्रिप्ट चालली की ती ओळ गायब होणार आणि मग परत तुमचाच फोन येणार.