उणे साठा

आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर एकाच चौकोनात दोन हिशेब असतात. तारखेच्या वर आईचा दुधाचा, खाली अण्णांचा धरणाचा. ‘१ लि.’ आणि त्याखाली पेन्सिलीनं ‘३४.१२’. म्हणजे नाथसागरातला त्या दिवशीचा जिवंत साठा, टक्क्यांत. आमच्या नळाला पाणी तिथलंच आणि शेत डाव्या कालव्यावर, तेव्हा अण्णांचा जीव दोन्हीकडून अडकलेला.

नाथसागर म्हणजे पैठणचं जायकवाडी धरण. मुळात ते बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ व्हायचं होतं. जागा बदलून पैठणला आली, नाव तेवढं तिकडचं राहिलं. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, १९७६ साली इंदिरा गांधींनी उद्घाटन.

भरलेलं असलं की पलीकडचा काठ दिसत नाही. सुमारे ३५० चौरस किलोमीटर पाणी! पण ही घागर नव्हे, परात आहे. पूर्ण भरतं १५२२ फुटांवर. तिथपासून शून्य टक्क्यांपर्यंतचं अंतर जेमतेम २७-२८ फूट. एवढ्या उथळ पसाऱ्यातून उन्हाळ्यात किती पाणी वाफ होऊन जात असेल, याचा विचार अण्णा दुपारी करतात आणि मग त्यांना झोप लागत नाही. पाणी फूटभर उतरलं की काठ कुठच्या कुठे मागे जातो. उघड्या पडलेल्या गाळावर कुणी गाळपेर करतं, आणि हिवाळ्यात चिखलात रोहित पक्षी चोची खुपसून उभे असतात.

टक्क्यांचंही एक गौडबंगाल आहे. धरणाची एकूण क्षमता २९०९ दलघमी, म्हणजे दशलक्ष घनमीटर. त्यातलं ७३८ दलघमी मृत साठा म्हणून बाजूला काढायचं आणि उरलेल्या २१७१ ला शंभर टक्के म्हणायचं. म्हणजे पेपरात शून्य आलं तरी धरणात सव्वीस टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी असतं. कालव्यात येत नाही, पण पिण्यासाठी उपसता येतं. लहानपणी मला वाटायचं, मृत साठा म्हणजे खराब पाणी. ते पीतच आम्ही कितीतरी उन्हाळे काढले.

२०१९ च्या उन्हाळ्यात आकडा शून्याच्याही खाली गेला. अण्णांनी आकड्यामागे वजाची आडवी रेघ मारली. आईच्या हिशेबात आडवी रेघ म्हणजे दुधाचा खाडा. महिनाअखेर दूधवाल्याशी वाद झाला. तेव्हापासून अण्णा अक्षरांत ‘उणे’ लिहितात.

पाऊस इथे पडून भागत नाही, तो गोदावरीच्या वरच्या अंगाला, नाशिककडे पडावा लागतो. तिथे आत्या राहते, आणि तिथल्याच नदीपात्रात पुराची मोजपट्टी झालेला दुतोंड्या मारुती उभा आहे. जुलै लागला की अण्णांचा फोन, “अक्का, दुतोंड्या मारुतीला कुठवर लागलंय?”

“आज गुडघ्याला.”

कमरेला लागलं की अण्णा खूश. मग खालच्या नांदूरमधमेश्वर बंधाऱ्याचा विसर्ग किती क्युसेक, म्हणजे सेकंदाला किती घनफूट, यावर नजर. ऑक्टोबरमध्ये मात्र हीच भावंडं जपून बोलतात. नाथसागर ६५ टक्क्यांच्या खाली राहिला तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, हा समन्यायी वाटपाचा वाद वर्षानुवर्षं चालत आलाय. आत्याच्या सासरची द्राक्षबाग गंगापूर धरणाच्या पाण्यावर आहे. त्या महिन्यात ती फक्त तब्येतीची चौकशी करते.

परवा तिचाच फोन आला. “छातीला लागलं रे.” अण्णांनी फोन खांद्याशी धरूनच पेन्सिल शोधायला घेतली.