दहा वाजले, मशीन बंद

तोरणमाळ छान आहे. यशवंत तलाव, धुकं, दोन दिवस. फोटो सगळ्यांनीच टाकलेत, म्हणून मी टाकत नाही. सांगायचंय ते परतीच्या वाटेवर नंदुरबारात काढलेल्या रात्रीचं.

सातशे रुपयांची खोली. दार उघडलं की मिरचीचा ठसका. हंगाम होता, पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडलेली. इशाची, म्हणजे रात्रीची, नमाज झाली आणि खिडकीसमोरचा भोंगा सुरू झाला. मी तणतणत खाली गेलो. लॉजवाला शांतपणे म्हणाला, "जलसा शे भाऊ, दहाले बंद व्हई." जलसा म्हणजे मौलानांच्या प्रवचनाची सभा.

मग गॅलरीत खुर्ची टाकून चिडून ऐकत बसलो. आधी अरबी, संथ लयीत. "अम्मा बाद" म्हटलं की स्तुती संपून विषय सुरू होतो, हे मला नंतर कळलं. पुढं उर्दू, तीही जड. मला जांभया. आणि मग मौलानांनी आयत म्हटली, "वैलुल लिल मुतफ्फिफीन", आणि थांबले. चांगले लांब थांबले. मापात पाप करणाऱ्यांचं वाटोळं होवो, असा तिचा अर्थ. कुराणातल्या ८३व्या सुरेची, म्हणजे अध्यायाची, सुरुवातच ही. मग आवाज एकदम खाली आणून, "रात को मिरची पे पानी कौन मारता है?"

हशा पिकला.

"हसू नका. जो हसला त्याचा काटा सकाळी बघतो मी." हे चक्क मराठीत! पुढं अहिराणीत व्यापारी आणि शेतकरी दोघांचे आवाज काढले: "काय भो, कथा चालना गाडी लई?" (कुठं चाललास गाडी घेऊन?) कीर्तनं ऐकून मोठ्या झालेल्या माणसाला ही चाल ओळखीची वाटते. पूर्वरंग सोसायचा, आख्यानात सगळं वसूल.

गोष्ट होती लेकीच्या लग्नासाठी ओली मिरची विकणाऱ्या बापाची. बाप सोनाराच्या दुकानात शिरला आणि दहा वाजले. "मशीन बंद करो भाई, कानून है. पास आ जाओ." भोंगा गप्प. तासभर मी ज्याची वाट बघत होतो तेच झालं, आणि आता सोनाराचं काय झालं ते ऐकू येईना! चपला सरकवून पळालो. सतरंजीवर एका आजोबांनी सरकून जागा दिली. मौलाना बसक्या आवाजात विचारत होते, "सोनारानं सोन्यात काय मिसळलं असेल?" उत्तर लोकच ओरडून देत होते.

नंतर चहा झाला. मौलाना चाळिशीचे, जवळून बघितले तर अगदी किरकोळ. अक्कलकुव्याच्या जामियात, म्हणजे मोठ्या मदरशात, शिकलेले. ती संस्था गुलाम मोहम्मद वस्तानवींनी १९७९ मध्ये सहा मुलं आणि एक शिक्षक एवढ्यावर सुरू केली, हे त्यांनी घरची गोष्ट सांगावी तसं सांगितलं. मौलानांचा दिवस फजरच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजच्या, आधी सुरू होतो. मुलांना कुराण वाचायला शिकवणं, पाच वेळा इमामत, म्हणजे पुढं उभं राहून नमाज पढवणं, आणि बोलावणं आलं की एसटीनं दुसऱ्या गावी तकरीर, म्हणजे असं प्रवचन. पाकिटात किती निघेल ते आधी कोणी सांगत नाही, मौलानाही विचारत नाहीत. "लिहून आणता का?" मी विचारलं. "आयत ठरलेली असते. बाकी बाजारात फिरलं की मिळतं."

उठताना म्हणाले, "तुम्ही समोरच्या लॉजवर ना? आवाजाचा त्रास तर नाही झाला?"

"छे, अजिबात नाही," मी म्हणालो.