शेवटचे पाच मीटर: टेकऑफपर्यंत वेग टिकवण्याच्या प्रयत्नांची नोंद

पोल व्हॉल्ट, म्हणजे लांब पोलच्या आधाराने बारवरून उडी मारणे, हा माझा छंद. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मैदानावरच्या पिटवर, म्हणजे उडीनंतर उतरायच्या जाड गादीवर, पावसाळ्यासाठी ताडपत्री चढली. त्याच्या आदल्या रविवारी मी १६ पावलांच्या रनअपने ३.५० मीटरवर तिन्ही प्रयत्न वाया घालवले. धाव आजवरची सर्वांत वेगवान वाटत होती, आणि तरीही तिन्ही वेळा पोल उभा होण्याआधीच थबकला. दुसऱ्या वेळी तर मी पिटच्या अगदी पुढच्या कडेवर, जवळजवळ बॉक्सपाशीच (पोलचे टोक रोवायच्या खोलगट खाचेपाशी) उतरलो. वयाच्या चौतिसाव्या वर्षी, आठवड्यातून तीन सकाळी नोकरीच्या आधी सराव करणाऱ्या माणसाने त्यावरून काढलेला पहिला निष्कर्ष असा होता की वेग कमी पडतो आहे, तेव्हा रनअप १८ पावलांचा करावा. तो निष्कर्ष का चुकीचा होता हे कळायला जुलै आणि ऑगस्ट असे दोन महिने गेले.

मेपासून मी धावेचा वेग मोजत होतो, पण मोजण्याची रीतच आधी सदोष होती. बॉक्सच्या मागच्या कडेवरील शून्य रेषेपासून १५, १० आणि ५ मीटरवर रनवेच्या (धावपट्टीच्या) अलीकडच्या कडेला खुणेचे प्लास्टिकचे शंकू, म्हणजे कोन, ठेवायचे, पंधरा मीटर दूर तिवईवर फोन लावून सेकंदाला २४० फ्रेम टिपायच्या, आणि कंबर एका कोनापासून दुसऱ्यापर्यंत जायला किती फ्रेम लागतात त्या संख्येने १२०० ला भागायचे, की मीटर प्रतिसेकंदात वेग मिळतो. गफलत अशी होती की कोन कडेला होते आणि मी मध्यरेषेवर धावत होतो. रनवेची रुंदी १.२२ मीटर असल्याने दोहोंत ६१ सेंटिमीटरचे अंतर पडते, आणि फोनच्या नजरेने पाहिल्यास कोनांमधले ५ मीटर मध्यरेषेवर जवळपास ५.२० मीटर होतात. म्हणजे मी स्वतःला सेकंदाला पाव मीटरहून अधिक संथ ठरवत होतो. आता सरावाआधी मध्यरेषेवरच्या तिन्ही खुणांवर पोल उभा धरून एक व्हिडिओ घेतो आणि घरी लॅपटॉपच्या पडद्यावर त्या तीन जागी चिकटपट्टीचे बारीक तुकडे लावून फ्रेम मोजतो. घरच्यांना हा प्रकार हास्यास्पद वाटतो, आणि त्यांचे अगदीच चुकते असे म्हणवत नाही.

दुरुस्त मोजणीने त्या रविवारच्या तीन उड्यांची सरासरी अशी निघाली: १५ ते १० मीटरच्या टप्प्यात १५८ फ्रेम, म्हणजे ७.५९ मीटर प्रतिसेकंद. १० ते ५ मीटरच्या टप्प्यात १६८ फ्रेम, म्हणजे ७.१४. एखाददुसऱ्या फ्रेमची चूक दोन्हीकडे गृहीत धरली तरी दहा फ्रेमची तफावत चुकीत बसत नाही. धाव जिथे सर्वांत वेगवान असायला हवी, नेमकी तिथेच मी मंदावत होतो.

त्याची किंमत किती, हे शाळेतल्या सूत्राने काढता येते. वेगाचा वर्ग भागिले गुरुत्व प्रवेगाची दुप्पट, एवढी उंची त्या वेगाच्या ऊर्जेतून तत्त्वतः मिळू शकते, आणि शरीराचा गुरुत्वमध्य मुळातच जमिनीपासून सुमारे एक मीटर वर असतो, ते वेगळे. ७.५९ च्या वेगाला २.९४ मीटर येतात, ७.१४ ला २.६०. चौतीस सेंटिमीटर रनवेवरच सांडले, आणि बार मात्र मी पाच-पाच सेंटिमीटरने चढवत होतो. उंचीने कमी असलेल्यांनी तर हे सूत्र सरावाच्या वहीत पहिल्याच पानावर लिहावे, असे माझे मत आहे: १.७७ मीटर उंचीच्या रेनो लाव्हिलेनीने २०१४ मध्ये दोनेत्स्कला ६.१६ मीटर पार केले. २०२५ मध्ये टोकियोत ६.३० मीटरची उडी मारणारा आर्मां डुप्लांटिस सेकंदाला १० मीटरपेक्षा अधिक वेगाने येतो, आणि नुसत्या १० च्या वेगाला सूत्राप्रमाणे ५.१० मीटर मिळतात. पण हा वेग ते टेकऑफपर्यंत, म्हणजे पाय जमीन सोडतो तिथपर्यंत, पोहोचवतात, आणि माझा प्रश्न तिथेच होता.

टेकऑफची योग्य जागाही मोजता येते. टाचा उचलून उजवा हात ताणला की माझा वरचा हात जमिनीपासून २.२५ मीटरवर पोहोचतो. त्यात बॉक्सची २० सेंटिमीटर खोली मिळवली की २.४५ होतात. ग्रिप, म्हणजे वरच्या हाताची पकड, पोलच्या खालच्या टोकापासून ३.९० मीटरवर असेल, तर काटकोन त्रिकोणाच्या हिशेबाने माझा डावा पाय शून्य रेषेपासून सुमारे ३.०३ मीटरवर, वरच्या हाताच्या बरोबर खाली पडायला हवा. व्हिडिओत तो २.७४ वर दिसत होता. म्हणजे मी जवळपास ३० सेंटिमीटर आत घुसून, हात डोक्याच्या मागे राहिलेल्या अवस्थेत उडत होतो. अशा वेळी पोल बॉक्सच्या मागच्या फळीवर आदळतो, खांद्याला हिसका बसतो आणि धावेची ऊर्जा पोल वाकवण्याऐवजी माणसाला मागे खेचण्यात जाते.

साधा उपाय रनअपची सुरुवात ३० सेंटिमीटर मागे नेण्याचा, आणि मी तो करूनही पाहिला. टेकऑफ तरीही आतच पडत राहिला. कारण मिडमार्क, म्हणजे धावेच्या मधली खूण, पाहिल्यावर कळले. टेकऑफच्या सहा पावले आधी माझा डावा पाय १३.६० वर पडत होता, आणि ती जागा ठीक होती. शेवटच्या सहा पावलांत १०.५७ मीटर जाण्याऐवजी मी १०.८६ मीटर जात होतो. पावले लांबत होती, पाय शरीराच्या फार पुढे टेकत होता आणि प्रत्येक टेकणे थोडे थोडे ब्रेकचे काम करत होते.

पावले लांबण्याचे कारण मी पायांत शोधत होतो. आमच्या सरांनी व्हिडिओ एकदाच पाहिला आणि म्हणाले, "अरे, पाय सोड, हात बघ. हात उशिरा उठतात, मग त्यांना वेळ मिळावा म्हणून पाय लांब टाकतोस." तेवढ्या एका वाक्याने माझे गणित सुटले. माझा चार मीटरचा पोल वजनकाट्यावर १.९ किलो भरतो, पण तो आडवा धरल्यावर हातांना तेवढाच लागत नाही. दोन हातांत ६० सेंटिमीटरचे अंतर आणि पोलचा मध्य पुढच्या हाताच्या १.३० मीटर पुढे, असा तराजू मांडला की मागच्या हाताला सुमारे ४ किलो खाली दाबावे लागतात आणि पुढच्याला ६ किलो पेलावे लागतात. मी सुरुवातीला पोल उंच धरून धावत होतो, ते बरोबरच होते. पण शेवटच्या पाच-सहा पावलांत तो एकदम खाली टाकत होतो, मग तो सावरण्यासाठी धड मागे झुकत होते, आणि मागे झुकलेल्या माणसाचे पाऊल पुढे लांब पडणारच. विश्वविक्रमी पोल व्हॉल्टपटू सर्गेई बुबकाचे प्रशिक्षक विताली पेत्रोव्ह यांच्या पद्धतीत पोलचे टोक धावेबरोबर सलग, एकाच गतीने खाली येते, त्यामागचे कारण मला स्वतःच्या मनगटांतून तेव्हा समजले. टोक योग्य वेळी खाली येऊ लागले की त्याचे वजन धावणाऱ्याला पुढे ओढते, आणि त्या ओढीला साथ द्यायला पावले आपोआप जलद पडतात.

जुलैभर पिट बंद होता, त्यामुळे सराव छपराखालच्या फरशीवर झाला. जुना टॉवेल जमिनीवर टाकायचा, पोलचे टोक त्यावर टेकवून चालत, मग हळू धावत प्लांट करायचा, म्हणजे हात वर नेत पोल रोवायचा. टॉवेल सरकत जातो म्हणून खांद्याला हिसका बसत नाही. तोंडाने मोजणी "डावा, उजवा, डावा": पहिल्या डाव्याला उजवा हात कमरेपासून सुटतो, उजव्याला कानापाशी येतो, शेवटचा डावा टेकण्याआधी तो पूर्ण वर असतो. सकाळी चाळीस प्लांट. कंटाळवाणे काम आहे, पण तिसऱ्या आठवड्यात मोजणी न करताही हात वेळेवर उठू लागले.

ऑगस्टच्या अखेरीस ताडपत्री निघाली, तेव्हा मी १२ पावलांवरून सुरुवात केली, आणि इथे मला खरे आश्चर्य वाटले. १५ ते १० मीटरच्या टप्प्यात १७८ फ्रेम, म्हणजे अवघे ६.७४, पण १० ते ५ मध्ये १६५ फ्रेम, म्हणजे ७.२७. चार पावले कमी धावून मी शेवटच्या टप्प्यात जूनपेक्षा थोडा अधिक वेगात होतो. थोडाच; तीन फ्रेमचा फरक फार मोठा नाही, म्हणून मी पाच उड्यांच्या सरासरीशिवाय त्यावर विश्वास ठेवला नाही. मोठा फरक पडला तो टेकऑफमध्ये, कारण आता डावा पाय २.९५ ते ३.०५ च्या दरम्यान पडत होता, आणि पोल बॉक्सला भिडण्याच्या क्षणी मी जमीन जवळजवळ सोडलेली होती. उडी मारताना आडव्या वेगाचा काही भाग वर वळतो, तेवढी घट अटळ आहे. धडकेतून होणारी घट मात्र टाळता येते.

सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी त्याच १२ पावलांवरून ३.५० पहिल्या प्रयत्नात आणि ३.६० दुसऱ्या प्रयत्नात पार झाले. लगेच नवा पेच उभा राहिला. तोच पोल आता मऊ वाटू लागला. तो इतक्या लवकर उभा होत होता की पाय वर जाण्याआधीच मी बारवर पोहोचत होतो आणि उतरताना मांडीने बार पाडत होतो. स्टँडर्ड, म्हणजे बार पेलणारे खांब, शून्य रेषेच्या ५० वरून ७५ सेंटिमीटर मागे नेले. नियमाने ८० पर्यंतच नेता येतात, म्हणजे तिथे आता फारशी जागा उरलेली नाही. कडक पोल हवा, पण आमच्या गटातला त्यापुढचा पोल थेट दहा किलो जास्त वजनाच्या उडीपटूसाठीचा आहे, आणि चार मीटरचा पोल बाहेरगावाहून बस किंवा रेल्वेने आणणे म्हणजे काय असते, ते या छंदातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणून तूर्त ग्रिप ३.९५ वर नेली आहे. त्याच त्रिकोणाने टेकऑफची जागा ३.१० वर जाते, म्हणून सुरुवातीची खूण आणि मिडमार्क दोन्ही ७ सेंटिमीटर मागे सरकवले.

गेल्या शनिवारी नव्या ग्रिपने सहा उड्या मारल्या. पहिल्या पाच उड्यांना बारच्या जागी रबरी दोरी होती, आणि टेकऑफ पडले ३.०८, ३.११, ३.०४, ३.१२ आणि ३.०९ वर. सहाव्या उडीआधी दोरी काढून ३.७० वर खरा बार ठेवला. त्या उडीचा टेकऑफ २.८८ वर पडला, १० ते ५ मध्ये १७० फ्रेम लागल्या, आणि व्हिडिओत माझे डोळे मिडमार्कपासूनच बारकडे लागलेले दिसतात.