किती हॉर्सपॉवर वाढेल?

‘मोटरसायकलचा सायलेन्सर बदललाय, हवेचा फिल्टरही बदललाय. आता गाडी डायनोवर न्यायलाच हवी का? आणि ट्यूनिंग केलं तर किती हॉर्सपॉवर वाढेल?’ गाडीत थोडंफार काम केलेला जवळजवळ प्रत्येक जण मला हे एका दमात विचारतो. तुम्हीही विचारलंत, म्हणून या वेळी सविस्तर सांगतो. डायनो म्हणजे इंजिनाची ताकद मोजणारं यंत्र, आणि ट्यूनिंग म्हणजे इंजिनाला कधी किती पेट्रोल द्यायचं ते नीट बसवणं.

न्यायला हवी. आणि हॉर्सपॉवर फार वाढणार नाही. नुसता मागचा सायलेन्सर आणि फिल्टर बदललेल्या गाडीत शिखरावरची, म्हणजे सर्वांत जास्त ताकदीची, वाढ मी बहुतेक वेळा एका हाताच्या बोटांवर मोजली आहे. हे ऐकून पुष्कळांचा चेहरा पडतो आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण ट्यूनिंगमधून जे हाती लागतं ते बहुतेक सगळं शिखराच्या खूप खाली असतं. थ्रॉटलची मूठ पहिली पाव पिळली की जे होतं, तिथे.

हिशेबच करून बघा. सपाट रस्त्यावर, वारा नसताना, एका माणसाला घेऊन ताशी ८० किलोमीटरने जात राहायला मोटरसायकलला दहाच्या आत हॉर्सपॉवर पुरतात. साठ-सत्तर हॉर्सपॉवरच्या गाडीचा थ्रॉटल तेव्हा जेमतेम उघडलेला असतो. गर्दीत, वळणावर, चढावर, मागे कोणी बसलेलं असताना हात तिथेच कुठेतरी खेळत असतो. मूठ पूर्ण पिळलेली दिवसातून किती सेकंद असते? आणि बहुतेकांच्या हातातला डायनोचा कागद तेवढ्याच सेकंदांचा असतो.

माझी स्वतःची गाडी मी पहिल्यांदा ट्यून करून घेतली तेव्हा हेच झालं होतं. ग्राफ सुरेख होता, रेघ शेवटपर्यंत चढती. पण हळू वळणावर मूठ नुसती उघडायला गेलं की गाडी आधी दम खायची आणि मग एकदम झटका द्यायची. ओल्या रस्त्यावर तो झटका मागच्या चाकापर्यंत जाणवायचा. त्या कामात डायनोवर फक्त पूर्ण थ्रॉटलचे रन घेतले होते, पेट्रोलच्या तक्त्यातल्या खालच्या, कमी थ्रॉटलच्या रकान्यांना कोणी हातच लावला नव्हता. पुढे मी स्वतः या कामात पडलो त्याचं कारण ती गाडी.

डायनो म्हणजे वजनकाटा. फ्रान्समधल्या गास्पार द प्रोनी यांनी १८२१ मध्ये फिरत्या दांड्यावर लाकडी ठोकळे आवळून आणि त्यांना लांब दांडी लावून इंजिनाची ताकद मोजली. इंग्लंडमध्ये विल्यम फ्रूड यांनी १८७७ मध्ये त्याच कामासाठी पाण्याचा ब्रेक केला. ‘ब्रेक हॉर्सपॉवर’ मधला ब्रेक तो. आजही मोटरसायकलचे डायनो मुख्यतः दोन तऱ्हेचे. एकात जड ड्रम असतो. मागचं चाक तो ड्रम किती लवकर वेगात आणतं, त्यावरून ताकद काढतात. दुसऱ्यात ड्रमला विद्युतचुंबकीय ब्रेक जोडलेला असतो, त्यामुळे इंजिनाला हव्या त्या आरपीएमवर (मिनिटाला किती फेरे) धरून ठेवता येतं. शिखराचा आकडा हवा असेल तर पहिला पुरतो. पाच टक्के थ्रॉटल, ३५०० आरपीएम, आणि रीडिंग स्थिरावेपर्यंत गाडी तशीच धरून ठेवायची असेल तर दुसराच लागतो. म्हणून कुठेही जा, आधी विचारा: ब्रेक आहे का, आणि अर्धवट थ्रॉटलवर काम करणार का? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरीकडे जा.

आता मिश्रणाबद्दल. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १ भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा लागते. याला लॅम्डा १ म्हणतात. आकडा मोठा झाला की मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी, लहान झाला की रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. पूर्ण थ्रॉटलवर सर्वांत जास्त ताकद १३ च्या आसपास मिळते, संथ चालीत १४ च्या आगेमागे गाडी गुण्यागोविंदाने चालते. पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर हे गणित सरकतं, कारण इथेनॉलला फक्त ९ भाग हवा लागते. १० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलचा लॅम्डा १ साधारण १४.१ ला येतो. म्हणून मी स्वतः लॅम्डातच विचार करतो, मग टाकीत काय आहे यावर डोकं खाजवावं लागत नाही. इथे मात्र आकडे हवा-पेट्रोलच्या प्रमाणातच देतो.

सायलेन्सर बदलल्याने मिश्रण का बिघडतं? पुष्कळ गाड्यांच्या ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, आत किती हवा गेली हे थेट कळत नाही. थ्रॉटल एवढा उघडा, आरपीएम एवढे, तर पेट्रोल एवढं, असा तक्ता कंपनीने आत भरून ठेवलेला असतो. छोट्या थ्रॉटलला बरेचदा इनटेकमधल्या, म्हणजे हवा आत घेणाऱ्या मार्गातल्या, दाबाचा आधार घेतात, पण तोही तक्ताच. तुम्ही पाइप बदललात की इंजिन काही ठिकाणी जास्त हवा ओढतं, काही ठिकाणी कमी, आणि तक्ता मात्र जुनाच. हे कमी-जास्त सगळीकडे सारखं नसतं, हे नीट समजून घ्या. एक्झॉस्टची झडप उघडल्यावर दाबाची लाट पाइपमधून निघते, तोंडाशी आपटून परतते. ती योग्य वेळी परतली तर सिलिंडर जास्त भरतो. चुकीच्या वेळी परतली तर जळालेला वायूच आत ढकलला जातो आणि टॉर्कच्या (इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराच्या) रेघेत खड्डा पडतो. त्यामुळे ‘सगळीकडे पाच टक्के वाढवून द्या’ हे औषध काही ठिकाणी बरोबर लागतं आणि काही ठिकाणी नवा आजार करतं. लाटेमुळे पडलेला खड्डा पेट्रोल ओतून भरत नाही, हेही सांगून ठेवतो. मिश्रण नीट केल्यावर तो उथळ होतो, पण जात नाही. तो घालवायचा तर पाइपच बदलावा लागतो.

संथ चालीत कंपनीचा ऑक्सिजन सेन्सर मिश्रण लॅम्डा १ च्या जवळ आणत राहतो. म्हणूनच नुसता मागचा डबा बदललेली गाडी महामार्गावर बरेचदा ठीक चालते. पण त्या भागात तुम्ही पेट्रोल वाढवलंत तर ईसीयू ते हळूहळू काढून टाकतो. ट्यूनिंग दोन दिवस छान वाटलं आणि आठवड्यात गाडी पहिल्यासारखी झाली, अशी तक्रार येते ती बहुधा इथून. त्या सेन्सरचं काय करायचं, हे मॅपला, म्हणजे त्या तक्त्याला, हात लावण्याआधी ठरवावं लागतं.

एक गाडी सांगतो, कारण सगळं त्यात आलं. दोन सिलिंडरची, नवा सायलेन्सर, नवा फिल्टर. तक्रार अशी: क्लच सोडताना झटके, मूठ सोडली की फटाके, ॲव्हरेज पडलेलं. मालकाने मिश्रण लीन असणार असं धरून भरपूर पेट्रोल वाढवणारा कुणाचा तरी मॅप आधीच टाकला होता. डायनोवर घेतली, एक्झॉस्टमध्ये मिश्रण मोजणारा सेन्सर बसवला. आयडलिंगला आकडा १६ च्या वर, आणि आरपीएम वाढवले की सरळ १२ कडे. म्हणजे खाली लीन, वर रिच. मॅपमध्ये तर खालीही पेट्रोल वाढवलेलं दिसत होतं. जमेना.

इंजिन थंड होऊ दिलं आणि टॉर्च घेऊन खाली बसलो. हेडर (इंजिनातून निघणारा पाइप) आणि सायलेन्सरच्या जोडावर, क्लॅम्पच्या खालच्या बाजूला, काजळीची बारीक करडी रेघ होती. इंजिन चालू करून जाड कापडाचा बोळा सायलेन्सरच्या तोंडाशी क्षणभर धरला, तर जोडातून फुसफुस ऐकू आली. एक्झॉस्टमधला दाब एकसारखा नसतो. दोन ठोक्यांच्या मध्ये तो बाहेरच्या हवेपेक्षाही खाली जातो आणि तेवढ्यात फटीतून ताजी हवा आत येते. सेन्सर बिचारा तीच हवा वाचून लीन लीन म्हणत होता. फटाकेही त्यातलेच: मूठ सोडल्यावर न जळलेलं पेट्रोल पाइपात येतं, ताजी हवा मिळाली की तिथेच पेटतं.

गॅस्केट बदललं, क्लॅम्प आवळला. पाच टक्के थ्रॉटल, ३५०० आरपीएमला आकडा आला १२.२. म्हणजे गाडी खालीही रिच होती आणि झटके त्याचेच होते. मला तिथे १३.६ हवे होते. १२.२ ला १३.६ ने भागलं की ०.९० येतात, म्हणजे त्या रकान्यात १० टक्के पेट्रोल कमी. मग शेजारचा रकाना, मग त्याच्या शेजारचा. २ टक्के, ५ टक्के, १० टक्के, २० टक्के थ्रॉटल, प्रत्येकाला खालपासून वरपर्यंत. मध्ये मध्ये पंखा लावून थांबायचं, कारण तापलेलं इंजिन वेगळा आकडा देतं. कंटाळवाणं काम आहे, मला फार आवडतं. रकाना बरोबर बसला की इंजिनाचा आवाज बदलतो, आधी जे खरखरत असतं ते गोल होतं.

पूर्ण थ्रॉटलचे रन मी शेवटी घेतो, कान देऊन. भार असताना मिश्रण लीन असेल तर नॉकिंग (मिश्रण आपोआप पेटून होणारी ठकठक) सुरू होतं आणि पिस्टनच्या माथ्याला ते फार वेळ सोसत नाही. आकडा १३.८ च्या पुढे सरकायला लागला की मूठ सोडून देतो, रन पूर्ण व्हायची वाट बघत नाही.

त्या गाडीचं शिखर दीड हॉर्सपॉवरने वाढलं. मालक ग्राफकडे बघून गप्प झाला. मी म्हटलं, आधी चक्कर मारून या. तो अर्ध्या तासाने आला आणि पहिलं वाक्य बोलला ते दुसऱ्या गियरबद्दल: ‘दुसऱ्यात सोडून दिली तरी चालत राहते हो.’

ग्राफवरच्या आकड्यांबद्दल एक सावधगिरी. हवेचं तापमान आणि दाब रोज बदलतात, म्हणून आकड्याला दुरुस्ती लावतात. एसएई नावाची दुरुस्ती वेगळी, एसटीडी नावाची वेगळी. दुसरी साधारण ४ टक्के जास्त दाखवते. म्हणजे १०० हॉर्सपॉवरची गाडी संगणकावर एक पर्याय बदलला की १०४ ची होते. टायरमधली हवा, गाडी बांधायच्या पट्ट्या किती आवळल्या, कोणत्या गियरमध्ये रन घेतला, यानेही आकडा हलतो. शिवाय कंपनी जो आकडा छापते तो क्रँकचा, म्हणजे इंजिनाच्या दांड्यावरचा, आपण मोजतो तो चाकावरचा, तो कमीच येणार. मित्राच्या कागदाशी आपला कागद ताडून पाहू नका. त्याच मशीनवर, त्याच दिवशी, आधीचा आणि नंतरचा, एवढीच तुलना खरी.

कार्ब्युरेटरची गाडी असेल तर तत्त्व तेच, हत्यारं वेगळी. मूठ जेमतेम उघडी असते तिथे पायलट जेट (जेट म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) आणि मिश्रणाचा स्क्रू, मधल्या बऱ्याच पट्ट्यात नीडल, पाऊण उघडल्यापुढे मेन जेट. तक्रार मधल्या पट्ट्यात आणि बदललं मेन जेट, हे मी सतत बघतो. मुठीवर आणि तिच्या शेजारच्या स्थिर भागावर पांढऱ्या टेपचे तुकडे लावा, पाव, अर्धी, पाऊण अशा खुणा करा आणि गाडी चालवा. झटका कोणत्या खुणेला येतो ते कळलं की अर्धं निदान झालं. नीडलची क्लिप एक खाच खाली घेतली की नीडल वर येते आणि मिश्रण रिच होतं. एका वेळी एकच खाच.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले घातक वायू कमी करणारा भाग) काढून टाकू का, असंही विचारता. रस्त्यावरच्या गाडीत मी ते काम करत नाही. थोड्याशा हॉर्सपॉवरसाठी मागून येणाऱ्याच्या नाकात न जळलेलं पेट्रोल सोडायला मला जमत नाही.

तुमच्या गाडीचं म्हणाल तर येण्याआधी व्हॉल्व्ह क्लिअरन्स (झडपांपाशी ठेवलेली फट) तपासून घ्या, चेनचा ढिलेपणा बघा, मागचा टायर मधोमध सपाट झाला असेल तर तसं सांगा. नेहमी भरता तेच पेट्रोल टाकीत असू द्या, चांगलंचुंगलं भरून आणू नका. जुना फिल्टर सोबत आणा, कधीकधी तोच परत बसवल्यावर खालचा टॉर्क जास्त येतो. आणि एका कागदावर लिहून आणा: झटका कोणत्या गियरला, किती आरपीएमला, इंजिन गार असताना की तापल्यावर, मूठ उघडताना की सोडताना. मी पहिल्यांदा त्याच रकान्यांकडे जाईन.