शेकोटीपर्यंत थांबा

आमच्या स्काऊट-गाईड पथकाचा वार्षिक मेळावा २२ फेब्रुवारीच्या जवळच्या शनिवारी होतो. स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन पॉवेल यांचा जन्म २२ फेब्रुवारी १८५७ चा, आणि त्यांच्या पत्नी लेडी ऑलेव्ह यांचाही २२ फेब्रुवारीचाच, साल १८८९. जगभरची पथकं हा दिवस चिंतन दिन म्हणून पाळतात. आम्ही ठाण्यात नौपाड्यातल्या शाळेच्या मैदानावर जमतो, यंदाही जमलो. झेंडा वर गेला, प्रार्थना झाली, पाहुण्यांना गुच्छ दिले, मी वार्षिक अहवाल वाचला, मुख्याध्यापिकाबाई बोलल्या. नव्या मुलांचा दीक्षाविधी झाला. त्यांनी वचन घेतलं, गळ्यात स्कार्फ पडले, डाव्या हाताने हस्तांदोलनं झाली. मग सोपानांची, म्हणजे स्काऊट-गाईडच्या शिक्षणातल्या टप्प्यांची, प्रमाणपत्रं आणि ढाल. ढाल यंदा मोगरा संघाला. सगळं वेळेत आणि नीट पार पडलं. त्याबद्दल याहून जास्त लिहीत नाही, कारण माझ्या लेखी मेळावा त्यानंतर सुरू होतो.

ढाल देऊन झाली की सात वाजतात आणि साडेसातला शेकोटी पेटते. त्या अर्ध्या तासात मैदान निम्मं रिकामं होतं. ज्यांच्या मुलाला प्रमाणपत्र मिळालं ते पालक फोटो काढून निघतात, ज्यांच्या मुलाला मिळालं नाही ते त्याच्याही आधी. क्लास असतो, लग्न असतं, कुणाला घोडबंदर रोडचं ट्रॅफिक लागायच्या आत घर गाठायचं असतं. मला दर वर्षी याचं वाईट वाटतं आणि ते मी इथे स्पष्ट लिहिते आहे. आपल्या मुलाने वर्षभरात काय काय पाहिलं हे घरी विचारलं तर ‘मजा आली’ एवढंच उत्तर मिळतं. खरं उत्तर शेकोटीपाशी मिळतं, आणि नेमके तेव्हा आईबाबा रिक्षा शोधत असतात.

माजी विद्यार्थ्यांबद्दलही थोडं मनात आहे. ग्रुपवर जुन्या शिबिरांचे फोटो पडले की शंभर बदाम येतात. मेळाव्याची तारीख महिनाभर आधी कळवली तर ‘नक्की बाई’ असंही लिहितात. त्यातले इथे जवळच पाचपाखाडीत राहणारे येत नाहीत, आणि बदलापूरहून आमचा एक जुना संघनायक रात्रपाळी करून, तीन तास झोपून, लोकलने येतो. आल्या आल्या तो झेंड्याच्या खांबाची दोरी तपासतो. त्याच्या येण्याने मला जो धीर येतो, तो त्याला कधी सांगितला नव्हता. आता सांगितला.

शेकोटीची आमची पद्धत अशी. मैदान जळू नये म्हणून पत्र्यावर विटा रचून त्यात लाकडं पेटवतो. दोन गाणी, एक नाटुकलं, टाळ्यांचे प्रकार, आणि मग नोंदवह्यांचं वाचन. प्रत्येक संघाची एक वही असते. स्काऊटच्या संघांना प्राणी-पक्ष्यांची नावं असतात, गाईडच्या संघांना फुलांची. आमच्याकडे गरुड, वाघ आणि मोर, तसंच मोगरा, कमळ आणि जास्वंद आहेत. कोणताही उपक्रम झाला की त्या आठवड्यात संघातल्या एकाने वहीत लिहायचं. मोठ्यांनी शुद्धलेखन सोडून त्यात काहीही बदलायचं नाही. शेकोटीला त्यातलं एकेक पान वाचलं जातं आणि वाचायचा मान संघातल्या सर्वांत लहान मुलाचा.

माझ्या अहवालात ‘ठाणे खाडी परिसर स्वच्छता’ अशी एक ओळ होती. वाघ संघाच्या वहीत त्याचं दीड पान निघालं. आम्ही खाडीवर कोपरीच्या बाजूने गेलो होतो. चेंदणी कोळीवाड्यातल्या एका काकांनी मुलांना आधीच भरती-ओहोटीचा हिशेब शिकवला होता. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. सहावीतल्या मुलाने वाचलं: ‘त्या दिवशी अष्टमी होती. आठाची पाऊणपट सहा. म्हणून सहाला भरती आणि बाराला ओहोटी. आम्ही साडेदहाला उतरलो. काका म्हणाले, घड्याळ विसरलं तरी चालेल, तिथी विसरायची नाही. तिवराची मुळं जमिनीतून वर येतात कारण चिखलात त्यांना हवा मिळत नाही. त्या मुळांना पिशव्या गुंडाळलेल्या होत्या. मी एका मुळावरची पिशवी सोडवली. आपण शिकलेल्या सगळ्या गाठी सुटतात, ही सुटत नाही, फाडावी लागते आणि फाडताना मूळ मोडतं. म्हणून मी एकाच झाडापाशी खूप वेळ बसलो.’

एवढं वाचून तो थांबला, कारण पान संपलं होतं. किती पोती कचरा निघाला हा आकडा माझ्या अहवालात होता. एका झाडापाशी खूप वेळ बसलेला मुलगा मात्र त्यात नव्हता.

त्याच वहीत पुढे फ्लेमिंगोही आहेत. ठाणे खाडीचा हा भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला. हे आम्ही मुलांना सांगितलं होतं आणि त्यांनी ते तारखांसकट लिहिलंही होतं. पण त्याखाली एका वेगळ्या अक्षरात एक ओळ होती: ‘ते चोच उलटी धरून खातात. मी घरी वाटीत तसं करून पाहिलं, जमत नाही.’ सगळं मैदान हसलं आणि वाचणारा लाजला.

वर्षभरातलं बाकीचं मी भराभर सांगते. जूनमध्ये पथकात नव्या मुलांची भरती झाली. जुलैत भर पावसात येऊरला पाटोणापाड्यापर्यंत चाल झाली, परत आल्यावर पायांवरच्या जळवा मोजण्याची स्पर्धा लागली. नवरात्रात टेंभी नाक्याच्या देवीच्या रांगेत पाणी दिलं. ७ नोव्हेंबरला, म्हणजे १९५० साली भारत स्काऊट्स आणि गाईड्सची स्थापना झाली त्या दिवशी, ध्वजदिनाचे स्टिकर घरोघर नेले. डिसेंबरात मुरबाडकडे तंबूतलं शिबिर झालं. तिथे दोरांचा वानरपूल बांधला, बिनभांड्याचा स्वयंपाक केला. काठीला कणीक गुंडाळून भाजली, बटाटे मातीत पुरून शिजवले, आणि जास्वंद संघाने पळसाच्या पानात केलेली वांग्याची भाजी मी अजून विसरलेले नाही. जानेवारीत ‘खरी कमाई’ला मुलांनी भेळ, सरबत आणि स्वतः शिवलेल्या कापडी पिशव्या विकल्या. त्या पैशांतून पथकासाठी प्रथमोपचाराची नवी पेटी आली.

मोगरा संघाचं पान मात्र भराभर सांगण्यासारखं नाही. गणपतीत महापालिका जिथे विसर्जनाचे कृत्रिम तलाव करते, तिथे निर्माल्य वेगळं घ्यायला आमची मुलं उभी राहतात. फुलं एका पिंपात, प्लास्टिकच्या माळा आणि थर्माकोल दुसऱ्यात. काम सोपं असतं आणि पाय फार दुखतात. पाचवीतली एक मुलगी, जिचा दीक्षाविधी तासाभरापूर्वीच झाला होता, तिने वाचलं: ‘एक आजोबा एकटेच गणपती घेऊन आले होते. त्यांच्या घरचे सगळे बाहेरगावी आहेत. आरतीला कोणी नव्हतं म्हणून आमच्या संघाने म्हटली. ताम्हन माझ्या हातात होतं. आजोबांना शेवटचं कडवं येत नव्हतं, ते म्हणाले, ते नेहमी तिच म्हणायची. मग त्यांनी आम्हाला पेढे दिले. ड्यूटीवर खायचं नाही असं बाईंनी सांगितलं होतं म्हणून मी पेढा खिशात ठेवला. घरी गेल्यावर तो विरघळला होता. खिसा आईने धुतला.’

‘ते नेहमी तिच म्हणायची’ हे तिने जसं ऐकलं तसं लिहिलं होतं. ‘ती’ म्हणजे कोण हे तिला कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. पण शेकोटीभोवती बसलेल्या मोठ्या माणसांत कुणी एकमेकांकडे पाहिलं नाही. तिची आई साडेसातला निघणार होती. पेढ्याच्या खिशाची गोष्ट ऐकायला ती थांबली, याचा मला फार आनंद आहे.

शेवटी नववीतली मुलं बोलतात. दहावीच्या वर्षी घरचे पाठवत नाहीत, त्यामुळे पथकातलं त्यांचं हे शेवटचं वर्ष असतं. त्यांनी आभार मानायचे नसतात, ते काम आम्हा मोठ्यांचं. त्यांनी एवढंच सांगायचं, की स्काऊट-गाईडच्या नऊ नियमांपैकी त्यांना सर्वांत जड गेलेला नियम कोणता. विश्वसनीय, निष्ठावान, सर्वांचा मित्र, विनयशील, प्राणिमात्रांचा मित्र, शिस्तप्रिय, धैर्यवान, काटकसरी, आणि मन-वाणी-कृतीने शुद्ध. ही प्रथा आमच्या आधीच्या सरांनी सुरू केली. दर वर्षी याच वेळी मला चष्मा पुसावा लागतो.

यंदा कमळ संघाच्या नायिकेने ‘धैर्यवान’ सांगितला. माहुली गडावर जायचं म्हणून वडिलांची परवानगी मागायला तिला दोन वर्षं लागली, आणि मागितल्यावर ते लगेच हो म्हणाले. बूट कुठले घालणार, एवढंच त्यांनी विचारलं.

मग गरुड संघाचा नायक उठला. आवाज मोठा, अंगाने दांडगा, शिटी न वाजवता संघ गोळा करणारा मुलगा. तो म्हणाला, ‘सर्वांचा मित्र.’ आणि बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, ‘आमच्या संघात एक जण आहे. तीन शिबिरांत मी त्याला तंबूत दाराशी झोपवलं, तिथे थंडी लागते म्हणून. माहुली उतरताना शिडीच्या खाली माझा पाय मुरगळला. त्याने स्कार्फ काढून आठच्या आकड्याची पट्टी बांधली, ती अगदी बरोबर बांधली, आणि माझी सॅक आसनगाव स्टेशनपर्यंत आणली. मी त्याला काहीच बोललो नाही. आज तो आलेला नाही, त्याची आजी आजारी आहे. बाई, हे वहीत लिहून ठेवा, म्हणजे तो वाचेल.’

मी तिथल्या तिथे, शेकोटीच्या उजेडात, गरुडच्या वहीत त्याच्याच शब्दांत ते लिहिलं. सोमवारी वही त्या मुलाच्या हातात दिली. त्याने वाचली आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं, ‘दाराशी तारे दिसतात.’

माहुलीबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण या वर्षातला तो सर्वांत मोठा दिवस होता. पहाटेची कसारा लोकल, आसनगावहून जीपने माहुली गाव, आणि तिथून सुमारे २,८०० फुटांचा गड. वजीर सुळका, नवरा-नवरीचे सुळके, लोखंडी शिडी, पहारेकऱ्यांच्या देवड्या. १६३६ साली मोगलांनी वेढा दिला तेव्हा शहाजीराजे याच गडावर होते. गडावरच्या टाक्यापाशी बसून मुलांनी हे ऐकलं, तेव्हा कुणी डबा उघडलेला नव्हता. शिक्षकाला यापेक्षा मोठी दाद मिळत नाही.

बोलून झालं की नववीची मुलं खडूने फरशीवर एक वर्तुळ काढतात आणि मधोमध टिंब देतात. मागखुणांत, म्हणजे मागून येणाऱ्यांसाठी वाटेवर ठेवायच्या खुणांत, त्याचा अर्थ ‘मी घरी गेलो’. ८ जानेवारी १९४१ रोजी बेडन पॉवेल केनियात वारले, तिथल्या न्येरी गावात त्यांच्या थडग्याच्या दगडावर हीच खूण कोरलेली आहे. यंदा लहान मुलांपैकी एकाने विचारलं, ‘पण हे तर ठाण्यातच राहणार आहेत ना?’ हो, ठाण्यातच राहणार आहेत. म्हणूनच पुढच्या वर्षी त्यांनी यावं अशी माझी मागणी आहे.

आता ज्यांच्याशिवाय हे झालं नसतं ती माणसं. सगळ्यांनी ‘बाई, नाव नको’ असं बजावलं आहे, म्हणून आम्ही ज्या नावाने हाक मारतो त्यानेच लिहिते. शाळेचे शिपाईमामा, ज्यांनी मैदानाची किल्ली तर दिलीच, वर रात्री दहापर्यंत थांबून विटा धुतल्या. मंडपवाले काका, जे वानरपुलाच्या बांबूंचं भाडं कधीच घेत नाहीत. लाकडाचे तुकडे देणारे सुतारदादा. भरतीचा हिशेब शिकवणारे चेंदणीचे काका. येऊरपासून माहुलीपर्यंत प्रत्येक चालीत सर्वांत मागे राहणाऱ्या डॉक्टरताई. सर्वांत मागे चालणारं माणूस फोटोत येत नाही, म्हणून त्यांचा उल्लेख दोनदा करायला हवा. आसनगावचे जीपवाले दादा, ज्यांनी परतीला अर्धा तास वाट पाहिली आणि जास्तीचे पैसे नाकारले. माहुली गावातल्या वहिनी, ज्यांनी एवढ्या जणांचं पिठलं-भाकरी केली आणि पाय मुरगळलेल्या मुलाला आधी हळद लावली. मुरबाडच्या शाळेचे गुरुजी आणि तिथली पंप सुरू करून देणारी दोन मुलं. स्कार्फना शिलाई मारून देणाऱ्या तिन्ही आया. ‘खरी कमाई’ला चिंचेची चटणी पहाटे करून आणणाऱ्या आजी. ढोलकी वाजवणारा आमचा आठवीतला मुलगा, कारण तोही मदतनीसच आहे. बदलापूरचा संघनायक. सहकारी स्काऊट मास्तर, ज्यांची मुलगी त्याच आठवड्यात तापाने आजारी होती आणि तरी ते आले. मुख्याध्यापिकाबाई, ज्या शेवटपर्यंत खुर्ची सोडून सतरंजीवर बसल्या.

कुणी राहिलं असेल या काळजीने यादी घरी पुन्हा वाचली आणि खरंच एक नाव राहिलं होतं. मैदानालगतच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या काकू. त्यांच्या खिडकीतून आम्ही माइकसाठी वीज घेतो आणि धूरही नेमका त्यांच्याच घरात जातो. यंदा त्यांनी खिडकी बंद केली नाही, गॅलरीत खुर्ची टाकून सगळी वाचनं ऐकली आणि दुसऱ्या दिवशी मला विचारलं, त्या पेढ्याच्या मुलीचं घर कुठे. पुढच्या मेळाव्याला त्यांना खालीच बोलावलं आहे, पहिल्या रांगेत.