हौदा, गदा आणि थंडाई: विशेष मुलांच्या वर्गात कुस्तीचा आठवडा

शाळेत खेळांचा आठवडा ठरला की बहुतेक ठिकाणी क्रिकेटच येतं. कार्डशीटची बॅट कापायची, चेंडू लाल रंगवायचा, बिस्किटावर जॅमने शिवण काढायची, झालं. यात कापणं ताई करतात, चिकटवणं मावशी करतात आणि मूल फोटोपुरतं शेजारी बसतं. त्यापेक्षा कुस्ती घ्या. या खेळाचं सामानच असं आहे की ते मळावं लागतं, उचलावं लागतं, कुटावं लागतं. हौद्यातली (म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातली) माती, खांद्यावरची गदा, मैदानातली हलगी, तालमीतली थंडाई, या सगळ्याला वास आहे, वजन आहे. ज्या मुलांना शब्दांपेक्षा हातांनी जास्त कळतं, त्यांच्यासाठी याहून सोयीचा खेळ नाही.

भिंतीवर लावायला दोन फोटो पुरेत. एक खाशाबा जाधवांचा: कराडजवळच्या गोळेश्वरचे, १९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक. दुसरा वीरेंदर सिंग यांचा. हरियाणाचे हे मल्ल कर्णबधिर आहेत आणि २००५, २०१३ आणि २०१७ अशा तीन डेफलिम्पिक्समध्ये (कर्णबधिर खेळाडूंच्या ऑलिम्पिकमध्ये) त्यांनी सुवर्णपदक जिंकलं आहे. कर्णबधिर मुलांच्या वर्गात दुसरा फोटो आधी लावा.

आठवड्याची आखणी करताना एकच पथ्य: मातीचं काम आणि स्वयंपाक एका दिवशी ठेवू नका. नखांत गेलेली लाल माती एका हात धुण्यात निघत नाही, आणि ज्याला हात चोळून धुतलेला सहन होत नाही त्याची तर मुळीच नाही. सोमवारी माती, मंगळवार ते गुरुवार गदा (वाळायला वेळ लागतो), शुक्रवारी थंडाई.

मातीच्याही आधी जोर. खरे जोर नव्हेत, भिंतीवरचे. मुलाला भिंतीपासून हातभर लांब उभं करा, दोन्ही तळवे छातीच्या उंचीवर भिंतीला, कोपर वाकवून पुढे आणि परत मागे. असे दहा. मग एक-एक किलोच्या मिठाच्या दोन पिशव्या वर्गाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे न्यायच्या, चार खेपा. सांध्यांना आणि स्नायूंना असा दाब मिळाला की बऱ्याच मुलांचं अंग स्थिरावतं आणि पुढचा ओला, खरबरीत स्पर्श त्यांना कमी टोचतो. व्हीलचेअरवरच्या मुलाने टेबलाच्या कडेला तळवे लावून ढकलायचं, चाकांना ब्रेक लावून. ब्रेक विसरलात तर टेबल जागेवर राहील आणि मूल मागे जाईल.

आता हौदा. साधारण दोन फूट बाय दीड फूट आणि सहा इंच खोल असा प्लास्टिकचा टब घ्या. त्यात दहा किलो लाल माती सहज बसते. माती वाळूच्या चाळणीने चाळून दोन दिवस कडक उन्हात पसरा, म्हणजे किडे-मुंग्या निघून जातात आणि ओलीचा कुबट वास राहत नाही. तालमीत मातीत हळद, तेल, ताक, लिंबू, कापूर असं बरंच काही घालतात. तेच जसंच्या तसं वर्गात करायचा मोह होईल, पण थांबा. कापूर अजिबात नको. कापूर पोटात गेला तर मुलांना झटके येऊ शकतात, आणि आपल्या वर्गात आधीच फिट्सची औषधं चालू असलेली मुलं असतात. ताक घातलं की झाकण लावलेल्या टबात तिसऱ्या दिवशी बुरशी धरते. लिंबाचा रस ओरखड्यांवर झोंबतो, आणि स्वतःला ओरबाडणाऱ्या मुलांना ओरखडे असतातच. तेव्हा दहा किलोला तीन चमचे हळद, शंभर मिली तीळतेल आणि वासासाठी लिंबाची वाळलेली सालं, एवढंच. हळद याहून जास्त झाली तर दुसऱ्या दिवशी गणवेशाच्या तक्रारी येतात.

पाणी एकदम ओतू नका, शिंपडत जा. साधारण अर्धा लिटर लागतं, पण मातीवर अवलंबून आहे. परीक्षा सोपी आहे: मूठ आवळली की गोळा व्हावा आणि बोटाने टोचला की फुटावा. गोळाच होत नसेल तर माती कोरडी आहे, धूळ उडेल आणि दम्याच्या मुलाला त्रास होईल. टोचल्यावर नुसता खड्डा पडत असेल तर चिखल झालाय, आणि स्पर्शाला बिचकणारी मुलं चिखल बघूनच उठतात. तो पुन्हा सैल करायला कोरडी माती लागते, म्हणून दोन किलो बाजूला ठेवलेली बरी.

खेळायचं काय? पैलवान लढतीआधी फावड्याने हौदा खणून माती मोकळी करतात, तेच इथलं पहिलं काम. मुलांना लहान खुरपी द्या, माती दाबून घट्ट करा आणि मग उकरायला सांगा. सैल माती उकरण्यात काही मजा नाही, जोर लावावा लागला पाहिजे. त्यानंतर मातीत पुरलेल्या वस्तू शोधायच्या: लाकडी चमचा, दोरीची गाठ, मोठा शंख. टॉयलेट पेपरच्या आतल्या पुठ्ठ्याच्या नळीतून जी वस्तू आरपार जाते ती पुरायची नाही. गोट्या आणि नाणी या परीक्षेत पहिल्यांदा नापास होतात.

हात लावायला जो तयार नाही, त्याचा हात धरून मातीत घालू नका. तसं केलंत की पुढचे पंधरा दिवस तो टब दिसला तरी रडतो. त्याच्यासाठी जाड झिप पिशवीत दोन मुठी माती भरून वरून सेलोटेप लावा. तो पिशवीवरून दाबेल. दुसऱ्या दिवशी लांब दांड्याचा चमचा, मग छोटा, मग एक बोट. काहींना हातापेक्षा पाय चालतात, बूट काढून बघा. आणि तालमीत मातीला हात लावून कपाळाला लावतात तो नमस्कार मात्र सर्वांना दाखवा. एका बोटाने का होईना, मातीला हात का लावायचा याला काही कारण मिळतं आणि मुलं ते पटकन उचलतात.

वर्गात सगळं तोंडात घालणारं मूल असेल तर माती बाजूला. त्याच्यासाठी आठ वाट्या नाचणीचं पीठ मंद आचेवर दहा-बारा मिनिटं भाजा, पूर्ण गार होऊ द्या आणि एक वाटी सूर्यफुलाचं तेल चोळा. रंग मातीचा, मूठ वळते, दाबली की फुटते. कच्चं पीठ चालणार नाही, ते पोटाला बाधू शकतं. गरम पिठात तेल घातलं तर गुठळ्या होतात, त्या नंतर निघत नाहीत. शेंगदाण्याचं तेल वापरू नका, ॲलर्जीचा प्रश्न येतो.

टबाला रात्री झाकण हवंच. उघडी माती मांजरांना कशासाठी सोयीची वाटते ते सांगायला नको. हाताला उघडी जखम असलेल्या मुलाने त्या दिवशी मातीत खेळायचं नाही.

हलगी मिळाली तर आणा. कानाला यंत्र असो वा नसो, कर्णबधिर मुलाला चामड्यावर तळवा ठेवू द्या, ताल हाताला कळतो. आवाजाला घाबरणाऱ्या मुलाला आधी हलगीचं चित्र दाखवा, मग बाहेरच्या व्हरांड्यातून वाजवायला सुरुवात करा. कानाशी वाजवून ‘बघू काय करतो’ हा प्रयोग कुणीही करू नये.

मंगळवारपासून गदा. महाराष्ट्र केसरीला चांदीची गदा मिळते, ती आपण वर्तमानपत्राची करणार. पुष्कळ जण गोल डोक्यासाठी फुगा फुगवून त्यावर कागद चिकटवतात. आपल्या वर्गात फुगा नको. तो फुटला की आवाजाला बिचकणारी दोन-तीन मुलं दिवसभरासाठी गेलीच, आणि स्पायना बिफिडा (जन्मतः पाठीचा कणा नीट न जुळलेला) असलेल्या मुलांमध्ये लॅटेक्सची ॲलर्जी बरीच आढळते. वर्तमानपत्राचा चुरगळून केलेला गोळा कितीतरी चांगला, कारण चुरगळणं हाच बोटांचा व्यायाम आहे.

दांड्यासाठी कापडाच्या दुकानातून ताग्याच्या आतली पुठ्ठ्याची नळी मागून आणा, बहुतेक फुकट देतात. अडीच फुटांचा तुकडा पुरे. एका टोकाला बोटभर लांबीच्या चार चिरा द्या (हे काम मोठ्यांचं, कटरने) आणि त्या पाकळ्यांसारख्या बाहेर उमलवा. आता वर्तमानपत्राचं एकेक अख्खं पान मुलाने चुरगळायचं आणि या पाकळ्यांभोवती बसवायचं. दर तीन-चार पानांनंतर मास्किंग टेपचा वेढा. साधारण पंधरा पानांत खरबुजाएवढं डोकं तयार होतं. आधी गोळा करून मग तो नळीच्या टोकावर चिकटवला तर तिसऱ्याच झटक्याला डोकं उडतं. दांडा गोळ्याच्या आत शिरलेला हवा, ही त्यातली सगळी कला.

वर खळीने कागदाच्या पट्ट्यांचे तीन थर. एक वाटी मैदा, चार वाट्या पाणी, मंद आचेवर हलवत राहा, चमच्याला लेप धरला की उतरवा. पूर्वी खळीत किडीसाठी मोरचूद घालत, कुणी सुचवलं तरी घालू नका, ते विषारी आहे. एक चमचा मीठ पुरतं. पट्ट्या कापायच्या नाहीत, फाडायच्या. वर्तमानपत्र उभ्या दिशेने सरळ फाटतं आणि आडव्या दिशेने वाकडंतिकडं, तेव्हा नवशिक्या मुलाच्या हातात पान योग्य बाजूने द्या. दोन्ही हात सारखे न चालणाऱ्या मुलासाठी पानाची एक कड टेबलाला टेपने चिकटवा, एका हाताने ओढून फाडता येतं. एका दिवसात तिन्ही थर देऊ नका. आतला ओला राहतो आणि शुक्रवारी गदेला वास येतो.

चांदीसाठी स्वयंपाकघरातला फॉइल. फेव्हिकॉलमध्ये निम्मं पाणी घालून पातळ हात द्या. फॉइलमधून हवा जात नाही, त्यामुळे जाड थर दिला तर आतला गोंद चार दिवस ओलाच राहतो आणि चांदी बोटाबरोबर निघून येते. ज्या मुलाला हातात वजन आवडतं त्याच्या नळीत पाव किलो वाळू भरून खालचं तोंड कापडी टेपने दोनदा बंद करा. वजनाची गदा हातात आली की ती फिरणार आणि शेजाऱ्याच्या डोक्यात बसणार. म्हणून गदा हातात देण्याआधी चित्राचं कार्ड: गदा खांद्यावर. ‘फिरवू नको’पेक्षा ‘खांद्यावर ठेव’ ही सूचना मुलांना लवकर कळते.

शुक्रवारची थंडाई. पालकांना पाठवायच्या निरोपात ‘बदाम-थंडाई, भांग नाही’ असं स्पष्ट लिहा. विनोद म्हणून नव्हे, चौकशीचे फोन वाचतात. त्याच निरोपात विचारा: सुक्या मेव्याची ॲलर्जी, दूध बंद आहे का, फिट्ससाठी कीटो आहार (भरपूर स्निग्ध, साखर-पीठ अगदी कमी) चालू आहे का, पातळ पिताना ठसका लागतो का.

दहा मुलांना शंभर-शंभर मिलीचे पेले धरून: चाळीस बदाम, दोन चमचे खसखस, दोन चमचे मगज (कलिंगड-खरबुजाच्या सोललेल्या बिया), एक चमचा बडीशेप, पाच वेलच्या, तीन-चार मिरे, ऐंशी ग्रॅम खडीसाखर आणि एक लिटर दूध, आदल्या दिवशी तापवून गार केलेलं. म्हणजे वर्गात गॅस पेटवायची वेळच येत नाही. आखाती देशांतल्या आणि सिंगापूरच्या वाचकांनी खसखस घालू नये, तिथे तिच्यावर बंदी किंवा कडक निर्बंध आहेत. तिच्याऐवजी मगज दुप्पट घ्या. बदाम चालत नसतील तर भोपळ्याच्या बिया.

बदाम, खसखस आणि मगज रात्रभर भिजत. सकाळी सोलायला द्या, आणि याला घाई करू नका, सगळ्या आठवड्यातलं हे सगळ्यात मोलाचं काम आहे. अंगठा आणि पहिलं बोट, मध्ये बदाम, हलकं दाबलं की साल बोटांत राहते आणि बदाम सुळकन निसटतो. तो उडतो, मुलं हसतात, पुन्हा दाबतात. खोल भांड्याच्या आत हात धरून सोलायला सांगा, नाहीतर निम्मे बदाम जमिनीवर. साल निघत नसेल तर भिजणं कमी पडलंय, मोठ्यांनी पाच मिनिटं गरम पाण्यात घालून गार करून द्यावेत. अख्खा बदाम तोंडात घालणाऱ्या मुलाशेजारी एक मोठं माणूस बसलंच पाहिजे, तो घशात अडकू शकतो.

कुटायला दगडी खलबत्ता. खल सरकू नये म्हणून त्याच्याखाली ओल्या फडक्याची चुंबळ ठेवा, मग एका हाताचं मूलही कुटू शकतं. एका वेळी अर्धी मूठ आणि एक चमचा दूध, जास्त नाही. दूध जास्त झालं की बत्ता घसरतो आणि शिंतोडे डोळ्यांत. प्रत्येकाने वीस घाव मोजायचे आणि खल पुढे सरकवायचा. लगदा पूर्ण मऊ होणार नाही, शेवटी मिक्सरमधून फिरवावाच लागतो. मिक्सर दुसऱ्या खोलीत लावा.

मग लगदा, साखर आणि दूध एकत्र करून मलमलच्या फडक्यातून गाळणं. पिळण्याचं काम ज्याची पकड कमकुवत आहे त्यालाच द्या. जे मूल सगळ्या पायऱ्या करू शकत नाही त्याला शेवटची पायरी द्या, पेल्यात ओतण्याची. काम पुरं झाल्याचं त्याच्या डोळ्यांना दिसतं, पुढच्या वेळी त्याच्या आधीची पायरी जोडा.

पातळ पिताना ज्यांना ठसका लागतो, विशेषतः सेरेब्रल पाल्सीची (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी असलेली) काही मुलं, त्यांना हा पेला द्यायचा नाही. पातळ दूध आणि त्यात बदामाची कणी हे मिश्रण गिळायला सर्वात अवघड. त्यांच्यासाठी थोडा लगदा मिक्सरमधून दोनदा काढा, कणी पूर्ण गेल्याची बोटांत चोळून खात्री करा आणि श्रीखंडाच्या चक्क्यात साखरेसह घोटा. किती दाट हवं ते त्यांच्या थेरपिस्टने ठरवलेलं असतं, तेवढंच ठेवा. वासावरून सगळ्यांनी तेच घेतलं हे त्यांनाही कळतं.

उरलेली थंडाई बाटलीत भरून घरी पाठवू नका, दुपारच्या बसच्या उन्हात दूध नासतं. फडक्यात राहिलेला चोथा कुंड्यांत घाला. हौद्यातली माती पुन्हा उन्हात वाळवून गोणीत भरून ठेवली की पुढच्या वर्षी फक्त चाळावी लागते, तेल आणि हळद मात्र ताजी घाला.