मौजे एक्सर, तालुका बोरिवली : उपनगराचा पत्ता कसा वाचायचा

बोरिवली पश्चिमेतल्या एखाद्या विसाव्या मजल्यावरच्या फ्लॅटचा करारनामा उघडा. लिफ्ट, क्लबहाऊस, पोडियम पार्किंग सगळं असेल, पण जमिनीच्या वर्णनात 'मौजे एक्सर, तालुका बोरिवली' असंच छापलेलं सापडेल. दादरच्या कागदावर मौजे नसतं. तिथे 'दादर-नायगाव डिव्हिजन' आणि कॅडस्ट्रल सर्व्हे नंबर. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन जिल्हे का आहेत, याचं निम्मं उत्तर या एका ओळीत आहे. उपनगर गावांवर चढलेलं आहे, आणि कागदावर ती गावं अजून तशीच नांदतात.

ही गावं साष्टी बेटाची. सहासष्ट गावांवरून 'साष्टी' हा नावाचा उलगडा साधारण सगळे मान्य करतात. 1661 च्या विवाहकरारात पोर्तुगिजांनी इंग्रजांना मुंबई दिली, साष्टी मात्र स्वतःकडे ठेवली. 1737 ते 39 मध्ये ती मराठ्यांनी घेतली, 1774 मध्ये इंग्रजांनी. म्हणजे शंभराहून जास्त वर्षं माहीमची खाडी ही चक्क दोन राज्यांची हद्द होती. माहीमचा कॉजवे झाला 1845 मध्ये. वांद्र्याची गावठाणं, तिथले ईस्ट इंडियन ख्रिस्ती, चर्च आणि क्रूस हे त्या पलीकडच्या पोर्तुगीज राजवटीचं देणं आहे. पुढे साष्टी ठाणे जिल्ह्यात राहिली, 1920 मध्ये उपनगर जिल्हा वेगळा निघाला, 1950 आणि 1957 मध्ये महापालिकेची हद्द दोन टप्प्यांत दहिसर-मुलुंडपर्यंत गेली. आजचा जिल्हा 1 ऑक्टोबर 1990 चा. अंधेरी, बोरिवली, कुर्ला हे तीन तालुके. जिल्हा परिषद नाही. बेटाचा उत्तरेचा तुकडा, म्हणजे ठाणे शहर आणि मीरा-भाईंदर, ठाणे जिल्ह्यात. दहिसर आणि मुलुंडच्या चेकनाक्यांवर समुद्र किंवा खाडी आडवी येत नाही. बेट तिथे संपत नाही, फक्त जिल्हा संपतो.

बेटाच्या मधोमध डोंगर, त्यावर राष्ट्रीय उद्यान, कान्हेरीची लेणी, विहार आणि तुळशी तलाव. डोंगरामुळे दोन्ही रेल्वे त्याच्या दोन कडांनी उत्तरेला गेल्या आणि वस्तीही रुळांच्या मागे गेली. बोरिवली आणि मुलुंड नकाशावर शेजारी, पण लोकलने जायचं तर दादरला उतरून गाडी बदला. घाटकोपर-वर्सोवा मेट्रो 2014 मध्ये आली तेव्हा कुठे पूर्व-पश्चिमेला रूळ मिळाले. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याला उद्यानाखालून बोगदे खणावे लागताहेत ते याच डोंगरापायी.

पाणीही याच डोंगरावरून उतरतं. दहिसर, पोईसर, ओशिवरा या नद्या पश्चिमेला, आणि विहार-पवईच्या सांडव्याची मिठी विमानतळाखालून वळसा घेत माहीमच्या खाडीत. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझच्या वेधशाळेत 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला. कुलाब्यात त्याच दिवशी 73 च्या आसपास. 'मुंबईत पाऊस' ही बातमी वाचताना कोणत्या वेधशाळेचा आकडा आहे हे आधी बघा. भरती साडेचार मीटरच्या वर आणि त्याच वेळी जोराचा पाऊस असेल, तर नाल्यांची मुखं पाण्याखाली जातात आणि पाणी उलटं फिरतं. मग पंपाशिवाय गत्यंतर नाही. पंपिंग स्टेशनं मात्र शहरातच जास्त. उपनगरात इर्ला आणि गझदरबंध. म्हणून अशा दिवशी भरतीच्या वेळेच्या आगेमागे तासभर अंधेरी सबवेत गाडी घालू नका, गोखले पूल धरा. मिलन सबवेच्या डोक्यावर उड्डाणपूल आहे, तो वापरा.

आता कागद. मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) ऑनलाइन काढताना लोक हमखास अडकतात ते गावाच्या रकान्यात. 'सांताक्रूझ पूर्व' शोधून काही मिळत नाही, कारण तिथली बरीच जमीन मौजे कोळेकल्याणमध्ये. गोरेगावातली बरीचशी 'पहाडी गोरेगाव', पवईतली काही 'तिरंदाज', आणि पवईचा तालुका अंधेरी नव्हे, कुर्ला. आधी करारनाम्यातून मौजे, तालुका आणि सीटीएस (नगर भूमापन) नंबर उतरवून घ्या. जुन्या दस्तात सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर असेल तर तो सीटीएस नव्हे, त्याचा मेळ नगर भूमापन कार्यालयातून घालावा लागतो. पत्रिका हातात आली की धारकाचं नाव वाचा. सोसायटीऐवजी अजून मूळ मालक किंवा बिल्डर दिसत असेल तर अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करून देणं, झालेलं नाही. मग जिल्हा उपनिबंधकाकडे मानीव अभिहस्तांतरणाचा (डीम्ड कन्व्हेयन्सचा) अर्ज. पुनर्विकासाच्या गप्पा त्यानंतर. उलट क्रमाने जाणाऱ्या सोसायट्या मधल्या वाटेवर लोंबकळतात.

राजकारणाचा पायाही जमिनीतच आहे. मुंबईच्या 36 आमदारांपैकी 26 उपनगरातले. लोकसभेच्या चार जागा पूर्ण इथल्या. चेंबूर आणि अणुशक्तीनगर मात्र दक्षिण मध्य मुंबईला जोडलेले, म्हणजे जिल्हाधिकारी वांद्र्याचा आणि खासदार धारावी-दादरवाल्यांबरोबर वाटून घेतलेला. 2024 मध्ये उत्तर पश्चिमेत रवींद्र वायकर आणि अमोल कीर्तिकर यांच्यात फरक पडला 48 मतांचा. इथे एक सोसायटी मतदानाला न उतरता लोणावळ्याला गेली तर खासदार बदलू शकतो.

पण मतांपेक्षा जास्त बोलतो तो टीडीआर, म्हणजे आरक्षणात गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळणारा, दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत शहर बेटावर हा हक्क वापरायला बंदी होती. शहरातल्या आरक्षणापोटी मिळालेला टीडीआर उतरायचा तो उपनगरात. टाऊनच्या भूखंडाचं ओझं अशा रीतीने गोरेगाव-कांदिवलीच्या मजल्यांवर आलं, गटारं मात्र जुन्याच मापाची राहिली. कचऱ्याचंही तेच: देवनार, मुलुंड (2018 मध्ये बंद झालं), कांजूरमार्ग, तिन्ही डंपिंग उपनगरात. मला ही सरळसरळ वाटणीतली लबाडी वाटते. शहराच्या आमदारांनी हिच्यावर आवाज उठवावा अशी अपेक्षा नाही, पण 26 जणांचा गळा कुठे गेला?

एक बरं झालं, मेट्रोने काही गावांची नावं परत पाटीवर आणली. एक्सर, वळनई, मागाठाणे, गुंदवली, मोगरा. गोराईचं मात्र अजून भिजत घोंगडं. गाव बोरिवली तालुक्यात, महापालिका मुंबईचीच, पण रस्त्याने जायचं तर जिल्हा ओलांडून भाईंदर, तिथून उत्तन, मग गोराई. नाहीतर बोरिवलीच्या जेट्टीवरून बोटीत बसा, खाडी काही मिनिटांची आहे.